पेशंट येते काह्यानं?

मी वर्ध्याला गेले ती एका पायासाठी. पाय माझा नव्हे, विष्णू गावड्याचा. विष्णू आमच्या सिंधुदुर्गातला पाडेली, म्हणजे माडांवर चढून नारळ पाडणारा. त्याला कुष्ठरोग झाला होता. गोळ्यांचा कोर्स पुरा करून तो बरा झाला, पण रोग जाताना डाव्या तळव्याची जाणीव घेऊन गेला. त्या बधिर तळव्यावर, अंगठ्याच्या मागच्या उंचवट्याला, एक जखम झाली होती. चौदा महिने मी ती आमच्या ग्रामीण रुग्णालयात रोज धूत होते, बांधत होते, आणि चौदा महिने ती मला दाद देत नव्हती.

शेवटी आमचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आता पुरे. त्याला जिल्ह्याला पाठवू. गुडघ्याखालून पाय जाईल, पण माणूस तरी सुटेल."

"थोडे दिवस थांबा," मी म्हटलं. "आधी मी वर्ध्याला जाऊन येते."

वर्ध्यात जखमांच्या निगेवर परिषद भरणार असल्याचं पत्रक आमच्या फलकावर महिनाभर लटकत होतं. डॉक्टरांपैकी कुणाला जायचं नव्हतं. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, परिचारिकांनाही आपले अनुभव मांडता येतील अशी. ती ओळ बहुधा माझ्याशिवाय महाराष्ट्रात कुणी वाचली नसावी. मी विष्णूच्या जखमेची हकिगत चार पानांत लिहून पाठवली आणि ती चक्क मंजूर झाली.

"तिथं मोठमोठे सर्जन येणार," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही त्यांना काय सांगणार?"

"सांगायला कुठं चाललेय? विचारायला चाललेय. पण आधी काही सांगितल्याशिवाय ते विचारू देणार नाहीत."

माझा हट्ट माझ्या घरी सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो हेही. डॉक्टरांना ते त्या दिवशी कळलं. रजेच्या अर्जावर त्यांनी सही केली. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे दादरपर्यंतची हाडं खिळखिळी करणारी एसटी वाचली. पुढच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी झोपले होते.

वर्धा, गुरुवार

जानेवारीतली सकाळ. स्टेशनावर उतरले आणि दातावर दात आपटायला लागले. आमच्याकडे स्वेटर ही लहान मुलांना घालायची वस्तू आहे. मोठ्या माणसानं घातला तर लोक विचारतात, ताप आहे काय. मी नुसत्या साडीवर गेले होते.

बाहेरगावच्या सिस्टरांची सोय गावातल्या घरांमधून केलेली होती. माझ्या वाट्याला मालूताई आल्या. यजमानांचं कापडाचं दुकान, वर राहतं घर. दार उघडताच त्या उद्गारल्या, "बाप्पा! बिना स्वेटरच्या आल्या? काऊन असं करता?" आणि माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून माझ्या अंगावर टाकली. ती शाल मग चार दिवस माझ्या अंगावरून उतरली नाही.

चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "जेवाले सोल्याची भाजी करून राह्यली मी. चालन ना?"

मी चपापले. आमच्याकडे सोलं म्हणजे आमसुलं. त्यांची कढी होते, सार होतं, पण भाजी? निव्वळ आमसुलांची? आंबटानं जीभ सोलून निघेल. पण पहिल्याच दिवशी यजमानिणीला नाही कसं म्हणायचं! म्हटलं, "हो, आवडते की." मनाची तयारी करून पाटावर बसले, तर ताटात वांग्याबरोबर शिजवलेले हिरवेगार दाणे आले. इकडे सोले म्हणजे तुरीच्या कोवळ्या शेंगा सोलून काढलेले दाणे. मी माझी भीती सांगितली तेव्हा मालूताई पदर तोंडाला लावून हसल्या आणि दुकानात खाली जाऊन यजमानांनाही सांगून आल्या. मी भाजी तीनदा मागून घेतली. मासे नसलेल्या मुलखात उपाशी मरू असं वाटत होतं, ती भीती तिथंच संपली.

संध्याकाळी गावाबाहेर जरा चालून आले. मला सगळ्यात नवल वाटलं ते सपाटीचं. आमच्याकडे घरातून बाहेर पडलं की एक तर चढायचं नाही तर उतरायचं. इथं काळी जमीन नजर पोचेल तिथपर्यंत पसरलेली, रस्ते सरळ, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. म्हातारी माणसंही सायकली हाणत होती. कापसानं लादलेल्या बैलगाड्या एकामागून एक चालल्या होत्या. अशा गावात राहिलं तर आयुष्यात धाप लागायची नाही, असं मला वाटलं.

शुक्रवार, परिषद

सभागृह भरलेलं होतं. सकाळपासून सर्जन बोलत होते. परदेशी पट्ट्यांचे नमुने हातोहात फिरत होते. एक पट्टी फेसासारखी मऊ, एक काचेसारखी पारदर्शक. मी प्रत्येक पट्टी दाबून, हुंगून पाहिली. आमच्याकडे गॉज संपलं की जुनी धोतरं उकळून वापरतो, हे मी शेजारच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हळूच आपली बॅग माझ्यापासून थोडी लांब सरकवली.

माझी पाळी जेवणानंतर होती. म्हणजे वरण-भात, वांगी आणि जिलब्यांच्या नंतर. अर्धी सभा पेंगत होती. माझी पहिली पारदर्शिका प्रोजेक्टरवर उलटी लागली आणि विष्णूचं पाऊल टाच वर करून पडद्यावर लटकलं. कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं माझी भीती गेली आणि राग आला. मला राग आला की मी चांगली बोलते.

मी सगळं सांगितलं. रोज सकाळी जुनी पट्टी काढणं, औषधाच्या पाण्यानं धुणं, कडा साफ करणं, नवी पट्टी बांधणं. "चौदा महिन्यांत एकच खाडा," मी म्हटलं. "गणपतीत नाही, शिमग्यात नाही, धो धो पावसातही नाही. तो एकदा आला नाही, तर दुसऱ्या दिवशी मी त्याला असा झापला की पुन्हा कधी चुकला नाही. क्ष-किरण काढला आहे. हाड चांगलं आहे, पू नाही, ताप नाही. मग ही जखम भरत का नाही? तुम्ही सांगा. मी परत गेल्यावर त्याला पाय कापायला पाठवणार आहेत."

पुढच्या रांगेतून दोन-तीन सल्ले आले. कुणी मलम सुचवलं, कुणी तीच फेसासारखी पट्टी. मी लिहून घेत होते. तेवढ्यात अगदी मागच्या रांगेतून एक साठीचे गृहस्थ उठले. पायजमा, शर्ट, खांद्यावर दुपट्टा. डॉक्टर नव्हेत हे उघड दिसत होतं.

"बाई, एक इचारू? तो पेशंट येते काह्यानं? बंडीनं?"

आता, आमच्याकडे बंडी म्हणजे अंगात घालायची. मला वाटलं, हा माणूस माझ्या पेशंटच्या गरिबीची चेष्टा करतोय. माझ्या कानशिलाला आग लागली.

"बंडीनं नाही हो!" मी माईकमध्ये ओरडले. "चांगला शर्ट घालून येतो! पाडेली झाला म्हणून उघडाबागडा फिरत नाही!"

सभागृह असं हसलं की पेंगणारे सगळे जागे झाले. अध्यक्षस्थानी असलेल्या डॉक्टरबाईंनी डोळे पुसत मला समजावलं, "सिस्टर, इकडे बंडी म्हणजे बैलगाडी. पेशंट कशातून येतो, असं विचारताहेत ते."

मलाही हसू आलं. म्हटलं, "बैलगाडी जाईल असा रस्ताच नाही आमच्याकडे. डोंगरावरची वाडी. चालत येतो."

"किती चालते?"

"उतरायला सव्वा तास. चढायला थोडा जास्त."

"रोज?"

"रोज. सांगितलं ना, खाडा नाही."

मग "मंग बराबर हाय" एवढं म्हणून ते खाली बसले.

आता कुणी हसत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या सर्जननी चष्मा काढून पुसायला घेतला. मला अजून पुरतं समजलं नव्हतं. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं आणि मी माझे कागद गोळा करून खाली उतरले.

चहाच्या सुट्टीत मी त्या गृहस्थांना शोधून काढलं. व्हरांड्यात त्यांनी एक टेबल मांडलं होतं, त्यावर चपलाच चपला. मऊ रबराचे जाड तळ असलेल्या. त्यांचं नाव नामदेवराव. मूळचे अल्लीपूरचे, शेती करणाऱ्या घरातले. वावर धाकट्या भावाच्या हवाली करून ते तीस वर्षं बधिर पायांच्या एका दवाखान्यात काम करत होते. चपला करायच्या, प्लास्टर घालायचं, घरोघरी जाऊन पाय बघायचे.

"काय बराबर आहे?" मी विचारलं. नमस्कार वगैरे काही केला नाही.

"बसा बाई."

"बसत नाही. चौदा महिने मी एक दिवस हात राखून काम केलं नाही. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, बराबर आहे. काय बराबर आहे?"

नामदेवरावांनी एक चप्पल उलटी करून माझ्यासमोर ठेवली. "रागावू नका. तुमची पट्टी येक नंबर असन. पन पहा, तुमच्या पायाले खडा टोचला त तुम्ही काय करता? लंगडता. त्याच्यावर भार देत नाई. त्याले टोचतच नाई. दुखनं म्हंजे राखनदार हाय बाई. राखनदारच मेला त वावर कोन राखन? तुम्ही सकायी घाव धुवून राह्यल्या, अन् तो त्याच घावावर भार देऊन डोंगर चढून राह्यला. दिवसाले जेवढं भरते तेवढं चालून फाटते. तुम्ही त्याले रोज बलावता म्हून तो चालते. चालते म्हून घाव भरत नाई. भरत नाई म्हून तुम्ही रोज बलावता."

मी बसले. बधिर पायाला विश्रांती हवी, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण माझ्या डोळ्यांसमोर विष्णू नेहमी टेबलावर बसलेला असे, पाय माझ्यापुढे केलेला. तो टेबलापर्यंत येतो कसा, हे चौदा महिन्यांत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. आणि तो एकदा आला नव्हता तेव्हा मी काय केलं होतं? त्याला झापलं होतं. चार माणसांसमोर.

रडू येत होतं, पण मी रडले नाही. मी विचारलं, "आता काय करू? ते सांगा."

"प्लास्टर."

"हाड मोडलेलं नाही."

"नसू द्या. घावावरच प्लास्टर घालाचं. दोन-तीन आठवडे उघडाचं नाई."

तीन आठवडे जखम न बघता! मला हे ऐकूनच कसंतरी झालं. वीस वर्षं मी जखमा रोज उघडून बघण्याचं काम करत आले होते. न बघता सोडलेली जखम म्हणजे किडे, वास, ताप. मी म्हटलं, "दाखवा मला. नुसतं सांगून माझा विश्वास बसायचा नाही."

"उद्या नाचनगावले येजा मंग. शांताबाईचं प्लास्टर उघडाचं हाय."

दुसऱ्या दिवशी परिषदेचा समारोप होता, प्रमाणपत्रं वाटायची होती. मालूताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "सर्टिफिकीट सोडून नाचनगावले चालल्या? अन् सेवाग्राम? सेवाग्राम न पाहता वर्ध्याहून कोनी जाते का?"

"सेवाग्राम परवा. उद्या पाय."

शनिवार, नाचणगाव

पुलगावच्या बसमधून नामदेवरावांबरोबर गेले. बरोबर त्यांची एक ट्रंक होती, प्लास्टरच्या गुंडाळ्यांची. मी मदतीला हात लावला तर म्हणाले, "जड नाई. शिकून जा, तेच वजन पुरन तुम्हाले."

नाचणगाव पुलगावला लागूनच आहे. शांताबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या, प्लास्टरचा पाय पाटावर ठेवून, मांडीवर तुरीच्या शेंगांचं सूप. पन्नाशीच्या असतील. त्यांनाही विष्णूसारखाच आजार होऊन गेलेला.

"कुठून आल्या?" त्यांनी विचारलं. समुद्राजवळून, म्हटल्यावर त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. "बाप्पा. माह्या पायासाठी?"

"हो."

"आईक गे!" त्या आत सुनेला ओरडल्या. "समुद्राहून आल्या माहा पाय पाहाले. अन् तू म्हंते बुढी आयती बसून खाते!"

नामदेवराव मला हळूच म्हणाले, प्लास्टर घालणं सोपं आहे, बसवणं अवघड. बाईमाणूस बसली की घर चिडतं. त्यांनी पहिल्या दिवशी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, सासू बसली हेच तिचं औषध आहे, तू तिला उठवशील तेवढा डोस चुकेल. तेव्हापासून सून बोलते, पण उठवत नाही. मी ही गोष्ट वहीत लिहून घेतली. सर्जनांच्या भाषणांतलं मी इतक्या मन लावून काही लिहिलं नव्हतं.

मग प्लास्टर कापायला सुरुवात झाली. वास आला. मी मनात म्हटलं, बघ, सांगितलं नव्हतं? माझ्या नाकाला जखमांचे सगळे वास माहीत आहेत, पण हा कोंडलेल्या घामाचा होता, पुवाचा नव्हता. प्लास्टर सुटलं. नामदेवरावांनी ओल्या कपड्यानं तळवा पुसला आणि मला म्हणाले, "या."

जखम उथळ होती. लाल, स्वच्छ, आणि चहूबाजूंनी पांढरट नवी कातडी आत सरकत आलेली. त्यांनी आधीच्या वेळी कागदावर काढून ठेवलेला तिचा आकार माझ्या हातात दिला. मी तो तळव्याला लावून पाहिला. निम्म्याहून जास्त भरली होती. औषध नाही, मलम नाही, रोजची पट्टी नाही. नुसती बसून.

मला आनंद व्हायला हवा होता. पहिल्यांदा झाला तो मत्सर. एवढी सुंदर जखम माझ्या हातून कधी झाली नव्हती.

"आता तुम्ही घाला," नामदेवराव म्हणाले.

प्लास्टर मला येत होतं, मोडलेल्या हातांना कितीतरी घातली होती. मी भराभर गुंडाळायला लागले. त्यांनी लगेच हात धरला. "जोर नोका लावू. अन् थे पहा, सुरकुती. तिले दुखन का? नाई दुखत. म्हंजे ती सांगन का? नाई सांगत. सुरकुती आली का नवा घाव आला. काढा."

मी काढलं. दुसऱ्यांदा घातलं. बोटांपाशी पुन्हा वळी पडली. पुन्हा काढलं. शांताबाई शेंगा सोलत मजेत बघत होत्या. "तिसऱ्या बारीले जमन," त्या म्हणाल्या आणि नामदेवरावांकडे बोट दाखवलं. "यायचंबी सुरवातीले जमत नोव्हतं." नामदेवराव हसले. तिसऱ्यांदा मी श्वास रोखून, तळहातानं निरपून, एकेक वेढा बसवला. त्यांनी सगळीकडून बोटं फिरवून बघितली. मान डोलावली.

निघताना त्यांनी पुन्हा बजावलं, "पू असन, ताप असन, हाडाले लागलं असन, त घालू नका. अन् त्याचा पाय वाचवाचा असन त त्याले येऊ देऊ नका. तुम्ही जा."

रविवारी गाडीच्या आधी सेवाग्रामलाही जाऊन आले, मालूताईंच्या समाधानासाठी. आश्रमात चपला काढून चालावं लागतं. झाडून स्वच्छ केलेलं अंगण, मातीच्या भिंती, आणि पायांखाली बारीक खडे. प्रत्येक खडा टोचत होता. बाकीचे लोक शांतपणे कुट्या बघत होते आणि मी खाली मान घालून, एकेक पाऊल टाकत, माझ्या तळव्यांना काय काय कळतंय ते मोजत होते. मालूताईंना वाटलं मला फार भक्ती दाटून आली आहे. त्यांनी निरोपाला गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या खुसखुशीत बिस्किटांचा, पुडा दिला आणि शाल परत घ्यायला नकार दिला.

परत घरी

मंगळवारी नेहमीच्या वेळी विष्णू दारात उभा. "सिस्टरानु, मी इलंय." लांबून चालत आलेला, कपाळावर घाम. मी पहिल्यांदा त्याच्या पायांकडे न बघता त्याच्या मागच्या वाटेकडे बघितलं.

मी म्हटलं, "इस्नू, हय आता येव नको."

मी घाईत बोलले होते. पुढचं सगळं माझ्या डोक्यात होतं, त्याच्या नव्हतं. त्याचा चेहरा बघितला आणि मला माझी जीभ चावावीशी वाटली. रोग कळल्यापासून या माणसाला 'येऊ नको' हेच शब्द सगळीकडे ऐकायला मिळाले होते. बागायतदारांनी माडांखाली, देवळात, लग्नाच्या मांडवात. एक आमचंच दार उरलं होतं.

"मी काय चुकलंय?" त्यानं विचारलं. "एकच खाडो झाल्लो, तोय गेल्या वर्सा. पुन्ना नाय केलंय."

मी त्याला टेबलावर बसवलं. डॉक्टर तिथंच होते, दोन नर्सा होत्या, बाकावर पेशंट होते. मी त्याला ज्यांच्यासमोर झापलं होतं तसलीच माणसं. म्हटलं, बरंच झालं, त्यांच्यासमोरच बोलू.

"तू नाय चुकलंस, मी चुकलंय. तुका मी चौदा महिने उगाच चालवलंय. तुज्या चालण्यानच ही जखम उघडी रवता. तुका एकदा बोललंय ना, इलंस नाय म्हणान? ता माजा चुकला. आता तू हलायचा नाय. मी येतलंय तुज्याकडे."

त्यानं दारातून डोंगराकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमी? ती घाटी चढान?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "तीन आठवडे जखम न बघता ठेवणार? काही झालं तर?"

"चौदा महिने रोज बघितली, काय झालं?"

त्यांनी ताज्या क्ष-किरण फोटोत हाड पुन्हा तपासलं, ताप बघितला, आणि जिल्ह्याला पाठवण्यासाठी लिहिलेली चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवली. फाडली नाही, ठेवली. मी प्लास्टर घातलं. ते वाळेपर्यंत दोन दिवस त्याला वॉर्डात झोपवला आणि मग वाडीतल्या माणसांना निरोप धाडला, खुर्चीला बांबू बांधून घेऊन या. चौघं आले. त्यातले दोघं खांदा द्यायला कुचरत होते. मी विष्णूच्या पायाला हात लावून, तोच हात त्यांच्यासमोर करून म्हटलं, मी वीस वर्षं लावतेय, बघा काय झालंय का. एकानं मान खाली घातली आणि बांबू खांद्यावर घेतला, मग दुसऱ्यानंही.

तीन आठवड्यांनी पिशवीत प्लास्टरच्या गुंडाळ्या घेऊन मी निघाले. ती घाटी मी जन्मात पहिल्यांदा चढत होते. जांभ्या दगडाच्या ओबडधोबड पायऱ्या, काही सुटलेल्या, काही गुडघ्याइतक्या उंच. अर्ध्या वाटेत मला धाप लागली, पुढं दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा वरून आवाज आला. घराच्या ओट्यावरून त्यानं मला बघितलं होतं.

"सिस्टरानु, थंयच बसा! मी खाली येतंय! पिशवी घेतंय!"

"उठशील तर बघ!" मी सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडले. "जाग्यावर बस! एक पाय खाली टाकलंस तर तंगडी मीच मोडीन तुझी!"

वर कुणीतरी हसलं, बहुतेक त्याची भावजय. मी त्या पायरीवर बसून राहिले आणि वर्ध्यापासून अडवून धरलेलं रडू आता आलं. दिवसातून दोनदा, चौदा महिने. पावसात या दगडांवर शेवाळ असतं. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसलं आणि पुढं चढले.

जखम निम्मी झाली होती. दुसरं प्लास्टर घातलं. त्या खेपेला त्याच्या भावजयीला बाजूला घेऊन बसण्याच्या डोसाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, बसूक माजी ना नाय, पण तो आमका रोज माडांच्या गजाली सांगून पिडता. दुसऱ्यानंतर तिसरं. तिसरं उघडायच्या वेळी डॉक्टर स्वतः माझ्याबरोबर घाटी चढले. माझ्यापेक्षा जास्त वेळा बसले.

मी प्लास्टर कापलं, तळवा पुसला. धुवायला, बांधायला काहीच नव्हतं. गुलाबी, थोडी चकचकीत, सबंध कातडी. डॉक्टरांनी वाकून बोट फिरवलं, खिशातून जिल्ह्याची चिठ्ठी काढली, ती फाडली आणि तुकडे परत खिशात ठेवले.

मी भावजयीचा छोटा आरसा मागवला आणि तळव्याखाली धरला. विष्णूनं आरशात बघितलं. मग बोटानं ती जागा दाबली, पुन्हा दाबली. त्याच्या बोटाला पाय कळत होता, पायाला बोट कळत नव्हतं. तो आरशातून माझ्याकडे वळला.

"सिस्टरानु," तो म्हणाला, "ह्यो माजोच पाय मा?"

"तुजोच," मी म्हटलं.